कोकण किनाऱ्यावर जेवायला कुठे जावं, काय मागवावं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुट्ट्या लागल्या की आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना पुण्या-मुंबईहून फोन सुरू होतात. राहण्याचं बुकिंग झालेलं असतं, गाडीचं ठरलेलं असतं, राहिलेला असतो तो जेवणाचा प्रश्न. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. त्या सगळ्यांच्या मुळाशी माझं एकच म्हणणं आहे. काय खायचं ते घरून ठरवून येऊ नका. त्या दिवशी बंदराला काय लागलं आणि झाडाला काय आलंय, ते विचारा आणि तेच मागवा.

चांगली खानावळ ओळखायची कशी?

दुपारी एकच्या सुमारास आत डोकवा आणि कोण जेवतंय ते बघा. बँकेतली माणसं, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, कोर्टकचेरीच्या कामाला तालुक्याला आलेले गावकरी दिसले तर खुशाल बसा. ही रोजची गिऱ्हाइकं. चार दिवस आमटी बिघडली की ती शेजारच्या दारात दिसतात, म्हणून त्यांच्यासाठी रांधणारी जागा हात सैल सोडत नाही.

मग विचारा, "काकी, आज काय आहे?" उत्तरात एखादं 'नाही' यायला हवं. "सरंगो नाय आज. बांगडो आसा, सौंदाळे आसत, आणि तिसरे आत्ताच इले." (सरंगो म्हणजे पापलेट, तिसरे म्हणजे शिंपल्या.) असं उत्तर देणाऱ्या बाईने सकाळी बाजार स्वतः केलेला असतो. जिथे बारा महिने सगळंच मिळतं, तिथला मासा बराचसा फ्रीजरमधून येतो.

मेन्यूकार्डही बघा. हायवेवरच्या हॉटेलांना हा निकष लावू नये, त्यांना ट्रकवाल्यापासून शाळेच्या सहलीपर्यंत सगळ्यांची सोय करायची असते. पण किनाऱ्यालगतच्या आठ-दहा टेबलांच्या जागेत पनीर टिक्का, हक्का नूडल्स आणि सुरमई एकाच कार्डावर असेल, तर मी पुढे जातो.

जेवणाच्या वेळा काय असतात? आधी फोन करावा लागतो का?

दुपारी साधारण बारा ते अडीच, रात्री आठ ते साडेनऊ-दहा. तीन वाजता पोहोचलात तर भात-आमटी मिळेल, मासा मिळेलच असं नाही. शहरात दिवसभर किचन चालू असतं, इथे तसं नाही. घरगुती खानावळीत बाजार करणारी, रांधणारी, वाढणारी आणि हिशेब लिहिणारी बहुधा एकाच घरातली दोन-तीन माणसं असतात. त्यांना दुपारची पाठ टेकायला वेळ लागतोच.

म्हणून सकाळी दहाच्या आत फोन करा. किती माणसं, त्यात मासे न खाणारी किती, आणि अंदाजे किती वाजता, एवढं सांगितलंत तरी पुरे. कोंबडी-वडे हवे असतील तर सकाळीच सांगून ठेवा. वड्याचं पीठ मळून काही तास ठेवावं लागतं आणि गावठी कोंबडा शिजायला वेळ घेतो. उकडीचे मोदक आदल्या दिवशी. गणपतीपुळे, हेदवी, दिवेआगर, हरिहरेश्वर या भागांत मोदक बारा महिने मिळतात, पण ते ऑर्डरप्रमाणे वळले जातात. पाच मोदक सांगून तीन माणसांनी यायचं आणि दोन तसेच टाकून जायचं, हे करू नका. एकेक मोदक हाताने वळलेला असतो.

थाळीत काय काय येतं? ते खायचं कसं?

माशाची थाळी म्हणजे एक तळलेला तुकडा किंवा अख्खा मासा, माशाची आमटी, एखादं सुकं (कोळंबीचं, तिसऱ्यांचं किंवा सुकटीचं), चपाती किंवा तांदळाची भाकरी, भात, कांदा-लिंबू आणि सोलकढी. चपातीपेक्षा भाकरी मागा. कोकणातल्या बाईच्या हाताला तांदळाची भाकरी जास्त सवयीची असते आणि आमटीही तिलाच जास्त मानते.

तळलेला मासा दोन प्रकारे येतो, रव्यात घोळवून किंवा तांदळाच्या पिठात. रवा कुरकुरीत लागतो म्हणून बाहेरून आलेल्यांना तो आवडतो. माझं मत पिठाच्या बाजूने आहे. हळद, मीठ, तिखट आणि आगळ (कोकमाचा खारवलेला रस) लावून मुरवलेला बांगडा तांदळाच्या पिठाचा नुसता हात फिरवून तव्यावर टाकला की कातडी चरचरते आणि आतलं मांस ओलं राहतं. रव्याचा थर जाड झाला की मासा कुठला होता ते कळत नाही.

बांगड्याच्या आमटीत मिरीपेक्षा मोठी, काळपट, उकललेली फळं दिसली तर ती तिरफळं. ती स्वादासाठी असतात, चावायची नाहीत. बाजूला काढून ठेवा. चावलंत तर जिभेला मुंग्या येतात आणि पुढची दहा मिनिटं दुसरी चव लागत नाही.

सोलकढीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण खानावळीची खरी परीक्षा तिथे होते. खवलेल्या नारळात कोमट पाणी घालून वाटायचं आणि फडक्यातून पिळून पहिलं दाट दूध काढायचं. त्यात आगळ, म्हणजे रातांब्याचा मीठ घालून टिकवलेला रस. मग ठेचलेली लसूण, हिरवी मिरची, वरून कोथिंबीर. चांगल्या कढीचा रंग थोडा मातकट, जांभळट-गुलाबी असतो. वाटी टेबलावर तशीच राहिली तर दूध आणि पाणी वेगळं व्हायला लागतं, चमच्याने ढवळलं की पुन्हा एक होतं. ते खऱ्या नारळाचं लक्षण आहे, कढी बिघडल्याचं नाही. एकसारखा भडक गुलाबी रंग दिसला आणि जिभेवर नारळाचा कणही आला नाही, तर पावडर वापरली आहे असं समजा. आणि कढी बसल्याबसल्या ग्लास भरून पिऊ नका. आमटीभात संपल्यावर मूठभर भात ठेवायचा, त्यावर कढी घ्यायची, उरलेली वाटीने प्यायची.

सगळीकडे 'मालवणी' असा बोर्ड दिसतो. सगळं कोकण एकसारखंच खातं का?

मुळीच नाही, आणि किनाऱ्यावर फिरून खाण्याची खरी मजा इथेच आहे. मालवणी हे नाव शहरात चाललं, म्हणून अलिबागपासून सगळ्यांनी बोर्डावर लावलं. प्रत्यक्षात दर पन्नास-साठ किलोमीटरवर वाटण बदलतं.

सिंधुदुर्गात ओल्या नारळाचं वाटण सढळ हाताने पडतं. धणे, बेडगी मिरची, हळद, आंबटाला आमसूल, बांगड्या-तारल्यांना तिरफळ. कमी नारळाचं, दाटसर, झणझणीत तिकलं हा तिथला वेगळा प्रकार आहे. खानावळीत मिळालं तर सोडू नका. मटणा-कोंबडीला भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं काळपट वाटण आणि घरचा मालवणी मसाला. त्याबरोबरचे वडे तांदूळ, उडीद, धणे, मेथी अशा भाजणीचे असतात, घरागणिक प्रमाण वेगळं.

रायगडकडे आगरी आणि कोळी घरांत नारळ कमी होतो, लसूण आणि चिंच वाढते. कोळ्यांचं आंबट कालवण पातळ, लाल आणि तिखट असतं. बोंबील ओला असेल तर मिनिटांत शिजतो, म्हणून तो घरातली मंडळी ताटावर बसल्यावर टाकला जातो. थंडीत अलिबाग-पेण भागात गेलात तर पोपटी मागा. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, हवं तर अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी भरायची, तोंडही पाल्याने बंद करायचं, मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा-गोवऱ्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब नसतो. हॉटेलच्या कार्डावर ती सहसा नसते, शेतघरं आणि घरगुती निवासवाले सांगितल्यावर लावून देतात.

रत्नागिरी जिल्हा मधला. इथे चित्पावनी, कऱ्हाडी घरांची गूळ-आमसुलाची आमटी आहे, भंडारी-खारव्यांची मासळी आहे, आणि खेड, दापोलीपासून रत्नागिरीपर्यंत कोकणी मुसलमानांचं स्वयंपाकघर आहे, ज्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. नारळाच्या दुधातलं मटण आणि तांदळाची पातळ भाकरी मिळाली तर आवर्जून खा.

उत्तरेला वसईत सामवेदी, वाडवळ आणि ईस्ट इंडियन (इथल्याच मूळच्या ख्रिस्ती) घरांचं खाणं पूर्ण निराळं आहे. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली तिथली सुकेळी घरी न्यायला उत्तम. आणि अलिबागच्या आसपासच्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू घरांत पोहे, नारळ, गूळ घालून केलेला मलिदा असतो. तो धार्मिक विधीचा पदार्थ आहे, बाजारात शोधू नका. कोणी आपणहून बोलावलं तर जरूर जा.

मासा ताजा आहे हे जेवणाऱ्याला कळतं का?

कच्चा दाखवा म्हणायला संकोच करू नका. चांगल्या खानावळीत त्याचा राग येत नाही, उलट कौतुक वाटतं. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, खोल गेलेला आणि दुधाळ नको. कल्ला उचलून बघा, आत लाल हवा, तपकिरी नको. पोटावर बोट दाबलं तर खळगा लगेच भरून यायला हवा. वास समुद्राचा यावा, उग्र नको. तिसऱ्या आणि कालवं कच्ची असताना शिंपले मिटलेले असावेत, शिजल्यावर जी शिंपली उघडली नाही ती खाऊ नये. खेकडा जिवंतच घ्यायचा, यात तडजोड नाही.

ताटात आल्यावरही कळतं. ताज्या माशाचं मांस काट्यापासून पाकळ्यांनी सुटतं. पिठासारखं भुसभुशीत लागलं तर तो बराच वेळ बर्फात होता.

लिलावात मासा घेऊन हॉटेलात बनवून मिळतो का?

बऱ्याच ठिकाणी मिळतो, पण आधी हॉटेलवाल्याला विचारा आणि मगच मासा घ्या. दापोलीजवळच्या हर्णै बंदराचा लिलाव बघण्यासारखा आहे. बोटी खोल पाण्यात थांबतात, मासळी किनाऱ्यावर येते, आणि वाळूवर ढीग मांडून बोली लागते. तिथे नवख्याने थेट बोली लावू नये. घाऊक ढीग असतात आणि भाषा खुणांची असते. लिलावाच्या कडेला कोळणी बसलेल्या असतात, त्यांच्याकडून दोन-चार नग घ्या आणि साफही त्यांच्याकडूनच करून घ्या. "मावशी, तुम्हीच सांगा काय घेऊ" म्हटलं की बहुतेक वेळा योग्य तेच हातात पडतं.

मालवण, तारकर्ली, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर सकाळी रापण ओढताना दिसली तर थांबा. गावातले कितीतरी लोक दोन्ही टोकांनी जाळं किनाऱ्याकडे ओढतात आणि मिळालेल्या मासळीत सगळ्यांचा वाटा असतो. दोर ओढायला हात लावलात तर आनंदच होईल, पण जाळं किनाऱ्याला लागल्यावर मासळीत हात घालू नका आणि फोटोसाठी मधे उभे राहू नका. त्यांची ती रोजीरोटी आहे.

मुंबईत लिलावाचा हाच अनुभव 1875 मध्ये बांधलेल्या ससून डॉकला मिळतो. पहाटे पाचला पोहोचायला हवं, उजाडेपर्यंत चांगला माल उठलेला असतो.

पापलेट आणि सुरमई सोडून काय मागवू?

हा प्रश्न विचारणाऱ्याचा मला फार आनंद होतो. बाहेरून आलेली दहा टेबलं दहाच्या दहा पापलेट मागतात, म्हणून भाव चढतात आणि लहान पिल्लंही जाळ्यातून सुटत नाहीत. चंदेरी पापलेटला 2023 मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर केलं गेलं, त्यामागे त्याची घटती आवक हेही कारण होतं. त्याच वर्षी राज्याने 54 प्रजातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. चंदेरी पापलेटसाठी ती 135 मिलीमीटर आहे. तळहाताएवढं पापलेट ताटात आलं तर ते एकदाही अंडी न घालता आलेलं असू शकतं. ते मागू नका आणि 'स्वस्तात दोन देतो' म्हटलं तरी घेऊ नका.

त्याऐवजी बांगडा घ्या. दिवाळीनंतरचा चरबी धरलेला बांगडा तिरफळ घालून केला तर पापलेटची आठवण येत नाही. तारल्या कुरकुरीत तळून, मांदेली रव्यात घोळवून काट्यासकट. मुडदुशी मिळाली तर तळून खा, तिचं मांस पांढरंशुभ्र आणि गोडसर असतं. मुलांसाठी लेपा, त्याचे काटे सहज सुटतात. सौंदाळे, बोय, शेतकं असले खाडीचे आणि काठाचे मासे शहरातल्या कार्डावर येतच नाहीत, ते इथेच खावेत. तिसऱ्यांचं सुकं भाकरीबरोबर खाताना शिंपला हातात धरून दातांनी मांस ओढायचं असतं. चमच्याने ते जमत नाही आणि हात माखले तर कोणी बघत नाही.

सुरमईला सिंधुदुर्गात इसवण म्हणतात आणि पापलेटला सरंगा. फळ्यावर ही नावं दिसली तर गोंधळू नका.

पावसाळ्यात आलो तर मासे मिळतील का?

1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. हा माशांच्या विणीचा काळ आहे आणि समुद्रही खवळलेला असतो. त्या दिवसांत ताटात भलामोठा सुरमईचा तुकडा आला तर तो साठवणीतला किंवा लांबून आलेला आहे, हे समजून घ्या.

पण पावसाळ्यातलं कोकणी जेवण गरीब नसतं. खाडीची मासळी मिळते. चिंबोऱ्या मिळतात आणि कोळी लोक सांगतात तसं अमावास्येच्या सुमारास त्या भरलेल्या असतात. घरोघरी मे महिन्यात भरून ठेवलेली सुकी मासळी बाहेर निघते. सुके बांगडे निखाऱ्यावर भाजून, सोड्यांची (सुकवलेल्या कोळंबीची) खिचडी, जवळ्याची चटणी, सुक्या सुंगटांचं किसमूर ज्यात ओलं खोबरं आणि कच्चा कांदा असतो. कुळथाची पिठी, उकड्या तांदळाचा भात आणि भाजलेला सुका बांगडा हे पावसातलं जेवण माझ्या मते वर्षभरातलं सगळ्यात चांगलं जेवण आहे. खानावळवाल्या ते पाहुण्यांपुढे ठेवायला संकोचतात, कारण त्यांना ते साधं वाटतं. तुम्ही आपणहून मागा.

रानभाज्या तेव्हाच येतात: टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी. ठाणे-रायगडकडे पावसाच्या तोंडावर शेवळं येतात. ती काकडं ही रानफळं घालूनच करायची असतात, नाहीतर घसा खवखवतो. म्हणून ती माहितगाराच्या हातचीच खा.

मी शाकाहारी आहे. माझी उपासमार होईल का?

नाही. शाकाहारी माणसाने कोकणात फक्त पनीर आणि दाल फ्राय खाऊन परत जावं, हे मला मनापासून वाईट वाटतं. अर्धं कोकण नारळ, काजू, फणस आणि कडधान्यांवर जेवतं.

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ओल्या काजूगरांची उसळ मिळते. काजूगर सोलताना बोटं चिकाने भाजतात, म्हणून तिचा भाव जास्त असतो आणि तो रास्त आहे. त्याच सुमाराला कोवळ्या फणसाची, म्हणजे कुयरीची भाजी. मे महिन्यात आंबा-फणसाचं सांदण. काळ्या वाटाण्यांचं सांबार आणि वडे हे कोंबडी-वड्यांइतकंच अस्सल जेवण आहे. खानावळीत आदल्या दिवशी सांगितलंत तर वाटाणे भिजत पडतात. बिरड्याची उसळ, अळूचं फदफदं, आमसुलाचं सार, कैरीचं रायतं, केळफुलाची भाजी ही यादी बरीच लांब जाईल.

एक सावधगिरी. माशाच्या खानावळीत तवा आणि तेल एकच असू शकतं. ते चालत नसेल तर देवस्थानांच्या गावांत जेवा. गणपतीपुळे, गुहागर, हरिहरेश्वर आणि पाली इथे शुद्ध शाकाहारी घरगुती भोजनालयं आहेत. वरण-भात-तूप, दोन भाज्या, चटणी-कोशिंबीर, ताक असं पानात वाढलेलं जेवण तिथे मिळतं.

सकाळी नाश्त्याला काय?

आंबोळी आणि काळ्या वाटाण्यांची उसळ, किंवा घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. शिरवाळे कुठे मिळाले तर आधी ते: तांदळाच्या उकडीच्या शेवया आणि वेलची घातलेला नारळाचा गोड रस. ते करायला दोन माणसं लागतात, एक साचा दाबायला आणि एक धरायला, म्हणून हॉटेलात क्वचितच दिसतात. होमस्टेवाल्या वहिनींना रात्रीच विचारून ठेवा. पोहे-उपमा घरी रोज आहेच.

मुलं तिखट खात नाहीत. काय करू?

मऊभात, तूप, मेतकूट किंवा पेज जवळपास कुठेही करून देतात, फक्त जेवण बनायच्या आधी सांगा. मासा तिखट न लावता नुसत्या हळद-मिठात तळून मिळतो. काटे काढून भरवायला लेपा किंवा सुरमईचा मधला तुकडा बरा. कोळंबी-खेकडा मूल पहिल्यांदाच खाणार असेल तर रात्री आणि आडगावात देऊ नका. अंगावर पित्त उठलं तर दवाखाना लांब असतो.

बाईने एकटीने खानावळीत जाऊन जेवावं का?

खुशाल. घरगुती खानावळी बहुतेक बायकाच चालवतात, एकटीला आत घरच्या टेबलावर बसवून आग्रहाने वाढतात. जिथे खानावळीला बार जोडलेला आहे तिथे संध्याकाळी वातावरण बदलतं. अशा ठिकाणी दुपारी जा किंवा फॅमिली रूम आहे का विचारा.

बिल अंदाजापेक्षा जास्त आलं. फसवलं का?

बहुतेक वेळा फसवणूक नसते, विचारायचं राहिलेलं असतं. मोठा मासा, खेकडा, शेवंड (लॉबस्टर) यांपुढे कार्डावर आकडा नसतो, कारण भाव रोज बदलतो. ऑर्डर देण्याआधी मासा बघा, वजन करायला सांगा, भाव विचारा. थाळीत भात, भाकरी, कढी पुन्हा मिळते का आणि मासा बदलला तर किती जास्त, हेही तेव्हाच. भाव ऐकून नको वाटलं तर स्पष्ट नाही म्हणा. वजन झाल्यावर, मासा चिरल्यावर घासाघीस करणं मात्र बरं नाही.

31 डिसेंबर, मे महिना आणि सलग सुट्ट्यांत दर चढतात आणि हात आखडतो. शक्य असेल तर जानेवारीच्या मधल्या वारी या.

कुठल्या दिवशी खानावळी बंद असतात?

श्रावणात आणि सोमवारी, गुरुवारी, संकष्टीला अनेक घरांत मासे शिजत नाहीत, छोट्या खानावळींतही नाहीत. गणपतीत आणि शिमग्यात तर रांधणारी माणसंच घरच्या कार्यात असतात. त्या दिवसांत जेवणाची सोय आधी पक्की करून मगच निघा. गावच्या जत्रेच्या दिवशी जेवणाचे हाल झाले तरी खाज्याच्या दुकानांची रांग लागलेली असते: बेसनाच्या कुरकुरीत काड्या, गुळाचा पाक, आलं. गरम असताना घ्या.

कोकणात यायला जमत नाही. मुंबईत असं जेवण कुठे मिळेल?

मुंबईही याच किनाऱ्यावर आहे आणि तिथल्या खानावळीचा इतिहास कोकणानेच लिहिला. लालबाग, परळ, चिंचपोकळी या गिरणगावात कोकणातून आलेले गडी बायका-मुलांना गावी ठेवून एकेका खोलीत पाळीपाळीने राहत. त्यांना दोन वेळचं जेवण चाळीतल्या खानावळवाल्या बायका घालत, पैसे महिन्याच्या महिन्याला. धान्य-किराणा भरायला या बायका सावकाराकडून भारी व्याजाने पैसे उचलत. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि जेवणाऱ्यांच्या हातात पगार उरला नाही तेव्हा रांधणाऱ्यांच्या चुलीही अडचणीत आल्या. शहरातल्या मालवणी थाळीकडे मी या आठवणीनिशी बघतो. ती चैनीसाठी जन्मलेली नाही. परमुलखात राबणाऱ्याला गावची चव मिळावी, म्हणून ती शिजत होती.

आज दादरचं सिंधुदुर्ग आणि विलेपार्ल्याचं गजाली ही माशांसाठी नावाजलेली जुनी नावं आहेत. शाकाहाऱ्यांसाठी दादरला आस्वाद आहे आणि 1910 पासूनचं मामा काणे यांचं उपाहारगृह आहे. पण लालबाग-परळच्या गल्ल्यांतल्या, नाव नसलेल्या, दुपारपुरत्या चालणाऱ्या जागा शोधायचा कंटाळा करू नका. ओळखायची रीत वर सांगितली तीच: रोज कोण जेवतं ते बघा, आणि आज काय नाही ते विचारा.

परत जाताना काय न्यावं?

आगळाची बाटली, पण लेबल वाचून: आगळ खारट असतं आणि अमृत कोकम गोड सरबताचं, दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, तसंच हापूसला आणि अलिबागच्या पांढऱ्या कांद्यालाही. अलिबागचा कांदा उन्हाळ्यात वेण्या बांधून रस्त्याकडेला टांगलेला असतो. तो गोडसर असतो आणि कच्चा खायला उत्तम. मालवणी मसाला बचत गटाच्या बायकांकडून घ्या आणि कधी कुटला ते विचारा. हापूस पेटीतला एक आंबा उचलून देठाजवळ वास घेऊन मगच पैसे द्या.

सुकी मासळी नेणार असाल तर आधी वर्तमानपत्रात, मग दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत आणि त्यावर झाकणाच्या डब्यात भरा. ट्रेनच्या एसी डब्यात नुसत्या पिशवीने वास अडत नाही. घरी गेल्यावर एक दिवस कडक ऊन दाखवून काचेच्या बरणीत ठेवली की दिवाळीपर्यंत टिकते.